कॅप्टन जेनवे दर भागात वेगळी का वागते? ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर काय आहे? मालिका पाहिली नसेल तर वाचू का?

वाचा, पण शेवटासकट सगळं फोडलेलं आहे.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ १६ जानेवारी १९९५ ते २३ मे २००१ या काळात अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर चालली. सात सीझन, १७२ भाग. व्हॉयेजर नावाचं जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघालं तरी परतायला ७५ वर्षं लागणार. जहाजावर बहुतेक माणसं स्टारफ्लीटची (या कथाविश्वातलं अंतराळदल) आणि बाकीची माकी नावाच्या बंडखोर गटातली. या सगळ्यांची कॅप्टन कॅथरिन जेनवे, म्हणजे केट मलग्रू.

तिच्याबद्दलची तक्रार मालिकेइतकीच जुनी आहे. एका आठवड्यात ती नियमाला चिकटून बसते, दुसऱ्या आठवड्यात तोच नियम खुंटीला टांगते, आणि दोन्ही वेळा आवाजात खात्री तेवढीच. इथले बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत. शेवटी इतर पात्रं आहेत आणि स्वतः लिहिणाऱ्यांसाठी थोडं.

पात्र वेगळं वागलं की लगेच विसंगती म्हणायची का?

नाही. इथेच निम्मे वाद फसतात. माणूस दोन प्रसंगांत दोन तऱ्हांनी वागतो, त्यात गैर काही नाही. एखाद्या वागण्याला विसंगती म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

परिस्थिती खरंच सारखी होती का? मधल्या काळात पात्राला बदलायला भाग पाडणारं काही घडलं का? आणि नंतर कुणाला, निदान त्या पात्राला तरी, फरक जाणवला का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पात्र उलटं वागलं आणि दुसऱ्या कुणी ‘गेल्या वेळी तर तू असं म्हणाली होतीस’ असं विचारलं, तर ती गोष्ट पुढे सरकते. कुणीच विचारलं नाही तर लेखक विसरले असं प्रेक्षक धरून चालतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

आमचं मत आधीच सांगतो: जेनवेचे निर्णय लोक म्हणतात तितके उलटसुलट नाहीत. मालिका त्या निर्णयांचा हिशेब पुढच्या भागात नेत नाही, म्हणून ते तसे वाटतात.

‘ट्युविक्स’मध्ये तिने खून केला ना? मग ती तत्त्वाची कशी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. भाग दुसऱ्या सीझनचा, प्रक्षेपण ६ मे १९९६. ट्रान्सपोर्टरच्या (माणसाला क्षणात इथून तिथे पाठवणारं यंत्र) अपघातात सुरक्षाप्रमुख टुव्हॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स एक होतात आणि ट्युविक्स नावाचा तिसराच माणूस तयार होतो. तो हुशार आहे, लाघवी आहे, हळूहळू सगळ्यांना आवडू लागतो. मग जहाजाच्या डॉक्टरला (हा होलोग्राम आहे, म्हणजे संगणकाने उभा केलेला माणूस) दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, पण त्यात ट्युविक्स संपणार. तो जगू द्या म्हणून गयावया करतो. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणार नाही असं सांगून डॉक्टर हात काढून घेतो. शेवटी जेनवे स्वतः बटणं दाबते.

हे क्रूर आहे हे मान्य. पण विसंगत आहे का? पुढचे भाग लावून पाहा. ‘द गिफ्ट’मध्ये बोर्गांकडून (माणसांना यंत्राचा भाग करून घेणारी शत्रुप्रजाती) सोडवलेली सेव्हन ऑफ नाइन नको नको म्हणत असताना जेनवे तिच्या शरीरातले बोर्गचे भाग काढायला लावते. ‘नथिंग ह्यूमन’मध्ये माकींतून आलेली मुख्य अभियंता बलाना टॉरेस एका कार्डेशियन (शत्रुप्रजातीच्या) डॉक्टरच्या होलोग्रामकडून उपचार नाकारते, कारण त्याचं ज्ञान छळातून आलेलं आहे; जेनवे तिचा नकार बाजूला सारून उपचार करवते. ‘लेटंट इमेज’मध्ये डॉक्टरच्या आठवणी त्याला न विचारता पुसलेल्या निघतात. चारही ठिकाणी सूत्र एकच: आपल्या जहाजावरचा माणूस गमवायचा प्रसंग आला की समोरच्याची संमती दुय्यम ठरते.

उलट ‘डेथ विश’मध्ये क्विन नावाचा क्यू (एका सर्वशक्तिमान, अमर प्रजातीचा) मरण्याचा हक्क मागतो. जेनवे सुनावणी घेते आणि त्याला आश्रय देते. क्विन तिच्या खलाशांपैकी नव्हता. परक्याच्या बाबतीत ती न्यायाधीश, घरच्यांच्या बाबतीत कर्ती बाई. आवडो न आवडो, हा स्वभाव सुसंगत आहे.

‘ट्युविक्स’ची खरी चूक वेगळीच आहे. पुढच्या भागात त्याचं कुणी नाव काढत नाही. टुव्हॉक आणि नीलिक्स यांच्या पोटात काही दिवस एक तिसरा माणूस जगला होता. त्याबद्दल त्या दोघांना काय वाटतं, हे मालिकेने विचारलंच नाही.

मग पहिल्याच भागात तिने घरचा रस्ता का उडवला? तेव्हा खलाशी आठवले नाहीत?

या आक्षेपात दम आहे. ‘केअरटेकर’मध्ये ती ओकांपा नावाच्या दुबळ्या लोकांना केझॉन या लढाऊ टोळ्यांपासून वाचवण्यासाठी घरी परत नेऊ शकणारं यंत्रच उडवते आणि सगळ्यांना अडकवून ठेवते. म्हणजे तिची पहिली मोठी निवड परक्यांच्या बाजूची होती.

आमच्या वाचनात पुढची सात वर्षं याच निवडीची भरपाई आहे. पाचव्या सीझनचा पहिला भाग ‘नाइट’ हे उघड बोलतो: जहाज ताराविरहित पोकळीतून चाललंय, जेनवे खोलीबाहेर पडत नाही, आणि पहिल्या दिवशीचा निर्णय तिला खातोय. ‘असं एकदम नैराश्य कुठून आलं?’ असं विचारणाऱ्यांनी तिसऱ्या सीझनमधला ‘कोडा’ पाहावा. वडील बर्फाखाली बुडून गेले तेव्हा ती अशीच खचली होती, हे तिथे सांगितलेलं आहे. बी पेरलेलं होतं. फक्त मधल्या दीड सीझनमध्ये त्याला पाणी घालायला कुणी फिरकलं नाही.

बोर्गशी हातमिळवणी चालते, केझॉनशी नाही, असं का?

पहिल्या सीझनमध्ये ती केझॉनना तंत्रज्ञानाचा तुकडाही देत नाही. दुसऱ्या सीझनच्या ‘अलायन्सेस’मध्ये तडजोड करायला जाते, तोंडघशी पडते आणि तत्त्वच बरं या निष्कर्षावर येते. मग ‘स्कॉर्पियन’मध्ये (२१ मे आणि ३ सप्टेंबर १९९७) थेट बोर्गना त्यांच्या शत्रूविरुद्धचं, ८४७२ क्रमांकाच्या प्रजातीविरुद्धचं, हत्यार देऊ करते. चौथ्या सीझनमध्ये ‘द किलिंग गेम’च्या शेवटी हिरोजन या शिकारी प्रजातीला होलोडेकचं (होलोग्रामने खोटं जग उभं करणारी खोली) तंत्रज्ञान देते. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनच्या मध्ये काहीतरी बदललंय हे उघड आहे.

कथेतलं कारण: बोर्गचा प्रदेश ओलांडायचा तर दुसरा मार्ग नव्हता. कथेबाहेरचं कारण: दुसऱ्या सीझननंतर लेखनाचं सुकाणू बदललं होतं, त्याबद्दल खाली आहे. ‘स्कॉर्पियन’ मात्र चांगला लिहिलेला भाग आहे, कारण तिचा उपकप्तान चकोटे तिला तोंडावर विरोध करतो आणि कोल्हा-विंचवाची गोष्ट सांगतो. जहाजावरच कुणीतरी हरकत घेतल्यामुळे बदल पचतो.

शिक्षा देताना तिचा एकच मापदंड का नाही?

इथे आम्ही तिची बाजू घेणार नाही. तीन प्रकरणं शेजारी ठेवा.

पहिल्या सीझनमधला ‘प्राइम फॅक्टर्स’. सिकेरियन लोकांकडे ४०,००० प्रकाशवर्षं एका झटक्यात पार करणारं यंत्र आहे, पण ते द्यायला त्यांचा कायदा मनाई करतो. जेनवे कायदा मानते. टुव्हॉक तिच्या पाठीमागे जहाजातलं साहित्यभांडार देऊन ते यंत्र आणतो. बलाना ते जोडून पाहते, यंत्र चालत नाही, जहाज जाता जाता वाचतं. शिक्षा: दोघांना खोलीत बोलावून खरमरीत शब्द. संपलं.

पाचव्या सीझनमधला ‘थर्टी डेज’ (९ डिसेंबर १९९८). पूर्ण पाण्याचा ग्रह, आणि तिथल्या लोकांचे स्वतःचेच ऑक्सिजन कारखाने त्या समुद्राला संपवतायत. जहाजाचा चालक टॉम पॅरिस आदेश मोडून तो कारखाना उडवायला निघतो. जेनवे त्याच्या यानाजवळ टॉर्पेडो फोडून त्याला अडवते. शिक्षा: लेफ्टनंटचा एन्साइन (अधिकाऱ्यांतला सर्वांत खालचा हुद्दा), आणि ३० दिवस एकांतकोठडी. हुद्दा परत मिळतो तो सहाव्या सीझनच्या अखेरीस, ‘युनिमॅट्रिक्स झीरो’मध्ये.

त्याच पाचव्या सीझनमधला ‘द डिसीज’. तरुण अधिकारी हॅरी किम परप्रजातीच्या मुलीच्या प्रेमात पडतो. अशा संबंधांसाठी कॅप्टनची आणि डॉक्टरची परवानगी लागते म्हणे! त्याच्या सेवापुस्तकात लेखी ताशेरा. एक वर्ष आधी ‘अनफर्गेटेबल’मध्ये चकोटे परप्रजातीच्या केलिनमध्ये गुंतला, तेव्हा हा नियम कुणाला आठवला नव्हता.

टुव्हॉक आणि टॉममधला फरक थोडाफार समजावता येतो. पहिल्या वर्षी टुव्हॉकच्या जागी बसवायला दुसरा माणूस नव्हता, तो तिचा जुना मित्र, आणि टॉमने बळ वापरलं होतं. हॅरीचा ताशेरा मात्र त्या भागापुरता जन्मलेला आहे. कथेला भांडण हवं होतं म्हणून नियम आणला, भांडण मिटल्यावर नियमही गेला. विसंगतीचा शुद्ध नमुना दाखवायचा तर हा दाखवावा, ट्युविक्स नव्हे.

‘इक्विनॉक्स’मधली जेनवे ही जेनवेच नव्हे असं का म्हणतात?

इक्विनॉक्स हे तसंच अडकलेलं दुसरं स्टारफ्लीट जहाज. त्याचा कॅप्टन रॅन्सम घरी लवकर पोचण्यासाठी एका परप्रजातीला मारून इंधन बनवतोय. जेनवे त्याच्या मागे लागते ती इतकी, की नोआ लेसिंग या कैद्याला बोलतं करण्यासाठी एका खोलीत बसवून तिथलं संरक्षककवच काढते, म्हणजे त्या प्रजातीचे चवताळलेले जीव त्याच्यावर तुटून पडावेत. चकोटे ऐन वेळी त्याला ओढून काढतो. पुढे ती चकोटेलाच पदावरून दूर करते.

राग समजतो. रॅन्सम म्हणजे तिचाच आरसा, तीही एका वाईट आठवड्यात तशी होऊ शकली असती. दोन भागांच्या या कथेला (२६ मे आणि २२ सप्टेंबर १९९९) धार आहे ती त्यामुळेच. खटकतं ते नंतरचं. इक्विनॉक्सचे वाचलेले पाच जण हुद्दा काढून घेऊन व्हॉयेजरवर कामाला ठेवले जातात आणि मालिकेत परत कधीही दिसत नाहीत. ज्याला तिने मरायला बसवलं तो लेसिंग त्याच जहाजावर आणखी दोन सीझन राहतोय. एकाच भोजनगृहात जेवतोय. यावर एक अख्खा भाग सहज झाला असता.

‘एंडगेम’मध्ये इतिहास बदलणारी ॲडमिरल जेनवे – ही सगळ्यांत मोठी विसंगती नाही का?

सन २४०४ मधली म्हातारी ॲडमिरल २३७८ मध्ये येते आणि २६ वर्षांचा इतिहास पुसते. काळात ढवळाढवळ नको, हा नियम मोडून. कारणं ती मोजून देते: मधल्या प्रवासात २२ माणसं गेली, त्यांत सेव्हनही; शिवाय टुव्हॉकचा मेंदू आजाराने पोखरला.

पण समोर तरुण जेनवे उभी आहे आणि ती कडाडून विरोध करते. तिला बोर्गचं ट्रान्सवॉर्प केंद्र (त्यांच्या अतिवेगवान मार्गांचं जंक्शन) उद्ध्वस्त करायचंय, घरी जायचा रस्ता त्यात गेला तरी. हा ‘केअरटेकर’चाच पेच, सात वर्षांनी. एकाच बाईची दोन टोकं पडद्यावर समोरासमोर भांडतात. म्हणून आम्ही हिला विसंगती म्हणत नाही. घाई म्हणतो: पेच शेवटी ‘दोन्ही करू’ असा सुटतो आणि जहाज घराच्या दारात पोचल्या पोचल्या मालिका संपते. परतलेल्या माणसांचं काय झालं यासाठी पाच मिनिटंही ठेवली नाहीत.

हे सगळं होतं कशामुळे? लेखक एकमेकांचं वाचत नव्हते का?

वाचत होते. कारणं कारखान्यातली आहेत.

सुकाणू चार जणांच्या हातून गेलं. रिक बर्मन, मायकेल पिलर आणि जेरी टेलर यांनी मालिका निर्माण केली. पिलर दुसऱ्या सीझननंतर बाजूला झाले, मग टेलर, पाचव्या-सहाव्या सीझनला ब्रॅनन ब्रागा, सातव्याला केनेथ बिलर. टेलर यांची जेनवे शास्त्रज्ञ आणि मायाळू; ब्रागांच्या काळातली जास्त धाडसी, थोडी आततायी. बदल बोर्डावर लिहून होत नाही, हळूहळू संवादात उतरतो.

दुसरं, वाहिनीला सुटे भाग हवे होते. कुठलाही भाग कुठूनही पाहिला तरी कळावा. ४५ मिनिटांत गोष्ट संपवून सगळं जागेवर ठेवायचं म्हटलं की पात्राला स्मरणशक्ती ठेवता येत नाही. त्याच काळात स्टार ट्रेकचीच दुसरी मालिका ‘डीप स्पेस नाइन’ सलग कथेकडे वळत होती, म्हणून तुलना जास्त बोचते.

तिसरं, वर्षाला २६ भाग. एका भागाचं चित्रीकरण सात-आठ दिवसांत उरकायचं, तोवर पुढचे दोन-तीन टेबलावर. आपल्याकडच्या रोज रात्रीच्या मालिका पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि क्रम. पहिल्या सीझनसोबत चित्रित झालेले ‘प्रोजेक्शन्स’, ‘एलोजियम’, ‘ट्विस्टेड’ आणि ‘द थर्टी सेव्हन्स’ हे चार भाग वाहिनीने दुसऱ्या सीझनसाठी राखून ठेवले. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला पात्रं किंचित मागे गेल्यासारखी वाटली तर कारण हे आहे.

इतर पात्रांचं काय?

बलाना: माकींची कत्तल झाल्याची बातमी ‘हंटर्स’मध्ये येते. ती आतून कोसळल्याचं कळतं थेट पाचव्या सीझनच्या ‘एक्स्ट्रीम रिस्क’मध्ये. होलोडेकची सुरक्षा बंद करून ती कित्येक महिने स्वतःला जखमी करत होती म्हणे. मधल्या भागांत ती धडधाकट, विनोद करणारी. पुढच्या भागात पुन्हा बरी.

चकोटे आणि सेव्हन: शेवटच्या काही भागांत उगवलेलं प्रेम. ‘ह्यूमन एरर’मध्ये सेव्हन चकोटेच्या होलोग्रामसोबत सराव करते, हा एवढाच पाया. तो एकतर्फी आहे.

डॉक्टर: ‘ट्युविक्स’मध्ये जीव घ्यायला नकार देणारा डॉक्टर सातव्या सीझनच्या ‘क्रिटिकल केअर’मध्ये एका रुग्णालयाच्या प्रशासकाला रोग टोचून वठणीवर आणतो. ही विसंगती नाही, कारण भागाच्या शेवटी तो स्वतःच घाबरून आपल्या नीतीच्या प्रणालीत बिघाड झालाय का हे सेव्हनला तपासायला लावतो. बिघाड नसतो. इतक्या थोडक्यात काम होतं.

हॅरी: सात वर्षं एन्साइन. यावर उत्तर नाही.

मला स्वतः तपासायचंय. किती वेळ लागेल, कसं करू?

सगळी मालिका पाहायची गरज नाही. या १३ कथा प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहा: केअरटेकर, प्राइम फॅक्टर्स, अलायन्सेस, ट्युविक्स, स्कॉर्पियन, प्रे, नाइट, नथिंग ह्यूमन, थर्टी डेज, लेटंट इमेज, इक्विनॉक्स, द व्हॉइड, एंडगेम. चार कथा दोन भागांच्या, म्हणजे एकूण १७ भाग, साधारण पावणेतेरा तास.

वहीत प्रत्येक निर्णयासाठी पाच रकाने आखा: कुणाचा जीव धोक्यात होता, तिने काय ठरवलं, तिने स्वतः काय कारण दिलं, कुणी विरोध केला, पुढे त्याचा उल्लेख झाला का. कारणाच्या रकान्यात तिच्या तोंडचंच लिहा, तुमचा अंदाज नको. पाचवा रकाना किती रिकामा राहतो ते पाहा.

‘प्रे’ आणि ‘द व्हॉइड’ मुद्दाम घातलेत. पहिल्यात ती एका घायाळ शत्रूसाठी जहाज पणाला लावते, दुसऱ्यात उपासमार असतानाही लुटालूट नाकारते. लोक हे दोन विसरतात आणि मग ‘ती नंतर निर्ढावली’ असा सोपा आलेख काढतात.

काही भाग पुराव्यातून वगळा. ‘लिव्हिंग विटनेस’मधली काळे हातमोजे घातलेली दुष्ट जेनवे ही ७०० वर्षांनंतरच्या संग्रहालयाची कल्पना आहे. ‘कोर्स: ऑब्लिव्हियन’मधले सगळे जण प्रतिकृती आहेत. ‘वर्स्ट केस सिनारिओ’ म्हणजे टुव्हॉकने सरावासाठी लिहिलेला खेळ. ‘इयर ऑफ हेल’ शेवटी पुसलं जातं. दोन मिनिटांच्या तुकड्यांवरून भांडणारे नेमके यातले तुकडे पुढे करतात.

मी विज्ञानकथा मालिका लिहितोय. हा घोळ कसा टाळू?

पात्राच्या वर्णनाची दहा पानं लिहू नका, कुणी वाचत नाही. प्रत्येक मुख्य पात्राच्या तीन ओळी पुरतात: काय कधीही करणार नाही, कशासाठी ते मोडेल, मोडल्यावर कुणाला तोंड द्यावं लागेल. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर दुसरी अजून ठरलेली नाही.

निर्णयांची वेगळी वही ठेवा आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात द्या. मोठ्या निर्णयाचा पडसाद पुढच्या तीन भागांत एकदा तरी यावा. प्रसंगच हवा असं नाही, दोन संवादही चालतात. नवा नियम लागला तर तो गरजेच्या भागात जन्माला घालू नका, दोन भाग आधी सहज बोलण्यात येऊ द्या.

मोजता येणारं काहीतरी सतत समोर ठेवा. रोनाल्ड मूर सहाव्या सीझनला व्हॉयेजरवर आले आणि लवकरच बाहेर पडले. पुढे त्यांनी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असतो आणि तो बदलत राहतो. फळ्यावर आकडा असला की लेखकाला विसरता येत नाही.

टॉर्पेडो संपत कसे नाहीत?

पहिल्या सीझनच्या ‘द क्लाउड’मध्ये स्पष्ट सांगितलंय: ३८ आहेत, नवे मिळणार नाहीत. पुढे त्याहून कितीतरी जास्त झाडले गेले.

जेनवेची एक तरी गोष्ट शेवटपर्यंत तशीच राहिली का?

कॉफी. तीही त्याच ‘द क्लाउड’मध्ये ठसते, जेव्हा ती ऊर्जा वाचवायला कॉफी सोडू पाहते. टॉर्पेडोंचा आकडा विसरलेल्या लेखकांनी कॉफी सात वर्षं सांभाळली. ‘एंडगेम’मध्ये येणारी ॲडमिरल चहा पिते, कॉफी कधीच सोडली म्हणते. ती कुणीतरी वेगळीच झालीय हे तिथेच कळतं. तरुण जेनवेशी वाद होऊन मन वळल्यावर ती पुन्हा कॉफीचा कप हातात घेते.